रान तोडून मिळालेलं आडनाव

सासऱ्यांच्या दिवाणखान्यात शेगडीच्या वर एक चौकट टांगलेली आहे. जुनाट दिसावा म्हणून कडा जाळलेला पिवळा कागद, त्यावर ढाल, ढालीवर शिरस्त्राण, आणि खाली वळणदार अक्षरांत घराण्याचं नाव: ॲक्रॉइड. मजकुराचा आशय असा, की हे प्राचीन अँग्लो-सॅक्सन घराणं असून नॉर्मन लोक इंग्लंडात उतरले त्याच्याही आधीपासून यॉर्कशरमध्ये वतन राखून आहे. तीस वर्षांपूर्वी समुद्रकाठच्या एका गावी सुट्टीला गेले असताना सासूबाईंनी ती हौसेनं विकत घेतली होती. दुकानदाराला आडनाव सांगायचं, तो यंत्रातून कागद काढून देणार. सासूबाई आता नाहीत. चौकट आहे.

लग्न होऊन मी चिपळूणहून यॉर्कशरमधल्या हॅलिफॅक्सला आले तेव्हापासून ती चौकट बघत होते, पण वाचली कधीच नव्हती. वाचली माझ्या लेकीनं. ती नऊ वर्षांची, आणि इथल्या शाळेत त्या वयात अँग्लो-सॅक्सन लोकांचा धडा असतो. एका रविवारी जेवणानंतर ती चौकटीखाली उभी राहून म्हणाली, "आई, बाई म्हणाल्या सॅक्सन लोकांना आडनावंच नव्हती. मग ग्रँडॅडचं आडनाव सॅक्सन कसं?"

सासरे तेव्हा एक्क्याऐंशीचे. त्यांनी पेपर खाली ठेवला आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "तू शोध ना, लव्ह. तुमच्याकडे तर सगळं वहीत लिहिलेलं असतं."

वहीची गोष्ट मीच त्यांना सांगितली होती. लहानपणी अण्णांबरोबर त्र्यंबकेश्वरला गेले होते. तिथल्या तीर्थोपाध्यायांनी गाव विचारलं, आडनाव विचारलं, आणि आतून एक लांबट वही आणली. त्यात माझ्या पणजोबांचं नाव होतं, त्यांच्या भावांची, मुलांची नावं होती. पुढची पिढी अण्णांनी त्या दिवशी स्वतःच्या हातानं लिहिली. काही जुनी पानं मोडीत होती. ती आजोबांना वाचता यायची, अण्णांना नाही. तो दिवस मी विसरलेले नाही, म्हणून सासऱ्यांच्या त्या एका वाक्यावर मी कामाला लागले. पुढची दोन वर्षं शनिवार-रविवार त्यातच गेले.

आधी लेकीच्या बाईंचं म्हणणं तपासलं. ते बरोबर होतं. सॅक्सन माणसाला एकच नाव असे. बहुतेक वेळा दोन शब्द जोडून केलेलं: वुल्फस्टान म्हणजे लांडगा आणि दगड, गॉडविनमधला 'विन' म्हणजे मित्र. एकाच नावाचे दोघे झाले की मागे काहीतरी लावायचं. १०६६ साली नॉर्मन लोकांशी लढताना हेस्टिंग्जला पडलेला राजा हॅरल्ड हा गॉडविनसन, म्हणजे गॉडविनचा मुलगा. पण ते आडनाव नव्हे. हॅरल्डचा मुलगा गॉडविनसन होणार नाही, तो हॅरल्डचा मुलगा होणार. आपण मधलं नाव बापाचं लावतो आणि ते पिढीगणिक बदलतं, तसंच ते. पिढ्यान्‌पिढ्या न बदलणारं आडनाव इंग्लंडात आलं ते नॉर्मन विजयानंतर. आधी सरदार-जमीनदारांत, मग दक्षिणेकडच्या शहरांत, आणि यॉर्कशरच्या डोंगराळ भागातल्या साध्या शेतकऱ्यांपर्यंत पोचायला चौदावं शतक उजाडलं. म्हणजे चौकटीतलं ते नॉर्मनपूर्व वतन त्या नावानं असणं शक्यच नाही. ढालीचंही तेच. इंग्लंडात मानचिन्ह आडनावाला मिळत नाही, एका माणसाला मिळतं आणि त्याच्या औरस वंशाकडे जातं. लंडनमध्ये कॉलेज ऑफ आर्म्स नावाची संस्था १४८४ पासून हेच काम बघते.

हे मी सासऱ्यांना लगेच सांगितलं नाही. नुसतं "हे खोटं आहे" म्हणून जायचं, तर खरं काय ते हातात हवं.

इथे वंश शोधताना एकच नियम: जिवंत माणसापासून सुरुवात करायची आणि एकेक पायरी मागे जायचं. वरून एखादा प्रसिद्ध पूर्वज धरून खाली यायचं नाही. हॅलिफॅक्समध्ये हा मोह मोठा आहे, कारण इथे एडवर्ड ॲक्रॉइड होऊन गेला. १८१० चा जन्म, लोकरी कापडाच्या मोठ्या गिरण्यांचा मालक. त्यानं कामगारांसाठी ॲक्रॉइडन नावाची वसाहत बांधली, यॉर्कशर पेनी बँक काढली. त्याच्या राहत्या वाड्यात आता बँकफील्ड संग्रहालय आहे. मी हे आडनाव सांगितलं की गावात हमखास कुणीतरी विचारतं, "त्या ॲक्रॉइडांपैकी का?" मी ते नाव बाजूला ठेवलं आणि सासऱ्यांचा बिस्किटांचा पत्र्याचा डबा उघडला.

डब्यात त्यांच्या वडिलांचा जन्मदाखला, आजोबांचा लग्नदाखला आणि एक शोकपत्रिका होती. तिथून मागे जाणं फार अवघड नव्हतं. इंग्लंड-वेल्समध्ये १ जुलै १८३७ पासून जन्म-मृत्यू-लग्नाची सरकारी नोंद होते. तिमाहीवार सूची बघायची, जिल्हा बघायचा, पैसे भरून दाखला मागवायचा. जन्माच्या जुन्या छापील सूचीत आईचं माहेरचं नाव १९११ नंतरच मिळतं, पण नोंदणी कार्यालयानं नव्यानं केलेल्या सूचीत ते थेट १८३७ पासून घातलंय. त्या एका रकान्यानं माझे कितीतरी पैसे वाचवले, कारण हॅलिफॅक्समध्ये एकाच वर्षी एकाच नावाची तीन-तीन मुलं जन्मलेली असत, आणि आईवरून ती वेगळी काढता आली.

जोडीला दर दहा वर्षांची जनगणना. १९३१ ची आगीत गेली, १९४१ ची युद्धामुळे झालीच नाही. मागे जाताना १८५१ च्या गणतीत माणूस कुठल्या गावात जन्मला ते मिळतं. १८४१ च्या गणतीवर मात्र फार विसंबू नये. तिच्यात मोठ्या माणसांची वयं पाचाच्या पटीत खाली आणून लिहिली आहेत, अठ्ठेचाळीसचा माणूस पंचेचाळीसचा होतो. घरातली माणसं एकमेकांची कोण लागतात तेही त्यात नाही.

आडनावाचं स्पेलिंग हा वेगळाच खेळ. आपल्याकडे जोशी हा जोशीच लिहिला जातो, इथे लिहिणारा कानानं लिहायचा. एकाच माणसाच्या लग्नात 'सी' आहे, मुलाच्या बाप्तिस्म्यात तो गळालाय, गणतीत मध्ये 'वाय' घुसलाय. एका सूचीत नकलणाऱ्यानं 'के'चा 'एच' वाचला होता आणि आमचं आख्खं कुटुंब दहा वर्षं गायब होतं. शेवटी मी आडनाव सोडून दिलं, नुसती नावं आणि वयं घालून गावातली घरंच्या घरं वाचत गेले आणि ते सापडले.

अशी मी १८३९ च्या एका लग्नापर्यंत पोचले. सासऱ्यांच्या खापरपणजोबांचं लग्न. दाखल्यात वर-वधू दोघांच्या वडिलांचं नाव आणि धंदा लिहायचा रकाना असतो. वधूच्या बाजूला नाव होतं, पुढे विणकर असं होतं. वराच्या बाजूला फक्त एक आडवी रेघ.

मला वाटलं कारकुनाचा कंटाळा. वडील आधीच वारले असतील. मी ती रेघ तशीच सोडून पुढे गेले, म्हणजे मागे गेले. १८५१ च्या गणतीत त्या माणसाचा जन्म वॉड्सवर्थचा दिला होता, वय पस्तीस. म्हणजे जन्म १८१६ च्या सुमाराचा. वॉड्सवर्थ म्हणजे हेब्डन ब्रिजच्या वरचा डोंगरउतार, आणि तिथल्या मुलांचा बाप्तिस्मा बहुतेक समोरच्या डोंगरावर हेप्टनस्टॉलच्या चर्चमध्ये व्हायचा.

सरकारी नोंदीच्या आधी सगळा भरवसा चर्चच्या रजिस्टरांवर. आठव्या हेन्रीचा मंत्री थॉमस क्रॉमवेल यानं १५३८ साली हुकूम काढला, की दर पॅरिशनं, म्हणजे एका चर्चच्या हद्दीनं, बाप्तिस्मे, लग्नं आणि दफनं लिहून ठेवावीत. हॅलिफॅक्सची रजिस्टरं त्याच वर्षी सुरू होतात. १८१३ पासून बाप्तिस्म्याचं रजिस्टर छापील रकान्यांचं झालं: तारीख, मुलाचं नाव, आई-वडिलांची नावं, राहणं, वडिलांचा धंदा. त्याच्या प्रतिमा आता पैसे भरून घरी बघता येतात, वाचनालयात फुकट. मी वाचनालयात बसले होते. १८१६ चं पान उलगडलं. मुलाचं नाव तेच. आई-वडिलांच्या रकान्यात एकच नाव, बाईचं, पुढे ॲक्रॉइड. धंद्याच्या रकान्यात 'अविवाहित स्त्री'.

त्या दोन शब्दांकडे मी किती वेळ बघत होते कोण जाणे. १८३९ ची ती रेघ कंटाळा नव्हती.

म्हणजे सासऱ्यांचं आडनाव बापाकडून आलेलंच नव्हतं. ते एका बिनलग्नाच्या मुलीकडून आलं होतं. तिनं पोर टाकलं नाही, कुणाला देऊन टाकलं नाही, आपलं नाव दिलं आणि वाढवलं. त्या काळी अशा मुलाचा खर्च गावावर पडू नये म्हणून पॅरिशचे अधिकारी बाईला बोलावून बापाचं नाव वदवून घेत आणि बापाकडून पैशाचा करार लिहून घेत. असे करार पुष्कळ ठिकाणी उरलेत. मी शोधले, तिचं प्रकरण सापडलं नाही. ती स्वतः सापडली, १८४१ च्या गणतीत. लेक-सुनेच्या घरात, वय पंचेचाळीस म्हणजे पंचेचाळीस ते एकोणपन्नासमधलं काहीही, धंदा हातमागावर विणकाम. तिचं पाळण्यातलं नाव मला माहीत आहे, पण ते घरचं नाव म्हणून घरातच ठेवते.

आता हे सासऱ्यांना सांगायचं कसं? चिपळूणला आमच्या घरी असं काही निघालं असतं तर वही मिटून ठेवली असती. मी नवऱ्याला आधी सांगितलं. तो म्हणाला, "तूच सांग, तू सापडवलंस." मी तीन रविवार गप्प राहिले. चौथ्या रविवारी छापलेली प्रत नेऊन त्यांच्यासमोर ठेवली आणि बोट ठेवून रकाने वाचून दाखवले.

त्यांनी चष्मा पुसला. पुन्हा वाचलं. मग विचारलं, "पोट कशावर भरायची ती?"

"मागावर विणायची. पंचेचाळिशीतही विणत होती."

"घरात?"

"घरातच. त्या सगळ्या घरांना वरच्या मजल्यावर खिडक्यांची लांब ओळ असते ना, ती मागासाठी उजेड हवा म्हणून."

ते बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "म्हणजे हे नाव तिचं आहे." आणि ती प्रत परत दिली नाही. घडी करून शर्टाच्या खिशात ठेवली. मी घाबरत होते त्यातलं काहीच झालं नाही, आणि त्यांना मी अजून किती कमी ओळखते ते त्या दिवशी कळलं.

नवऱ्याच्या एका चुलतभावानं गालाच्या आतला नमुना देऊन जनुकं तपासायचं सुचवलं. इथे त्याचं वेड आहे आणि त्याला आधारही आहे. ऑक्सफर्डचे जनुकशास्त्रज्ञ ब्रायन सायक्स यांनी २००० साली आपल्याच आडनावाचे अठ्ठेचाळीस पुरुष तपासले. तेही यॉर्कशरकडचंच आडनाव, अर्थ ओहोळ. त्यातल्या जवळजवळ निम्म्यांचं वाय गुणसूत्र एकाच मुळाचं निघालं, म्हणजे ते एका मध्ययुगीन माणसाचे वंशज असावेत. पण ते गुणसूत्र बापाकडून मुलाला जातं. आमच्याकडे १८१६ ला बापाची जागा रिकामी आहे. चाचणीतून त्या अनोळखी पुरुषाची ओळख लागली असती, नावाची नाही. सासऱ्यांनी नको म्हटलं.

त्या बाईच्या मागे जाणं पुढचं काम. आई-वडील सापडले, आजोबा सापडले. अठराव्या शतकात शिरल्यावर एके ठिकाणी पुन्हा तसंच दिसलं: लग्न जून १७३५, पहिल्या मुलाचा बाप्तिस्मा जानेवारी १७३५. एकदा असा धक्का बसला की जिथे तिथे तेच दिसू लागतं. मी वहीत तशी नोंद करूनही टाकली होती. रात्री झोपताना लक्षात आलं, की १७५२ पर्यंत इंग्लंडात नवं वर्ष २५ मार्चला लागायचं! म्हणजे जून १७३५ नंतर येणारा जानेवारी हा १७३५ चाच जानेवारी. पोर लग्नानंतर सात महिन्यांनी झालं होतं. ज्याच्या घरी पाडव्याला वर्ष बदलतं त्याला हे कळायला खरं म्हणजे इतका वेळ लागायला नको. आपला पौष आधीच्या चैत्राच्याच शकात येतो, तसंच हे. सकाळी उठून पहिलं काम त्या दोघांवरचा ठपका खोडण्याचं केलं.

त्याही मागे गेलं की अक्षर बदलतं. सतराव्या शतकातले इंग्रज लेखनिक 'सेक्रेटरी हँड' नावाच्या वळणात लिहायचे. त्यातला 'सी' आजच्या 'आर'सारखा, 'ई' उलटा, 'एच'ची शेपटी ओळीखाली लोंबणारी, आणि शब्दाच्या मध्ये येणारा 'एस' काठीसारखा उंच. पहिल्या पानावर मला एक ओळ लागली नाही. लंडनच्या राष्ट्रीय अभिलेखागारानं हे वळण शिकायचे धडे सगळ्यांसाठी मोकळे ठेवलेत. ते मी रोज रात्री अर्धा तास गिरवले, ओट्यावरचं आवरून झालं की. गिरवताना आजोबा आठवायचे. मोडी लिहिताना ते आधी आख्ख्या ओळीवर रेघ मारत आणि मग हात न उचलता अक्षरं लटकवत जात. ऱ्हस्व-दीर्घ बघायचं नाही, संदर्भानं वाचायचं, असं म्हणायचे. इथेही तेच चाललं. 'हे काय लिहिलंय' म्हणून बघितलं तर लागत नाही. 'इथे काय असायला हवं' म्हणून बघितलं की अक्षरं उमटतात. फक्त आडनावाला तो नियम लावायचा नाही, तिथे आपल्याला हवं तेच दिसतं.

हेप्टनस्टॉलचं रजिस्टर १५९३ पासूनचं आहे. पण माझी साखळी सतराव्या शतकाच्या शेवटाशी थांबली. त्याच दोन-तीन डोंगरांवर एकाच नाव-आडनावाचे चार बाप्ये, सगळे विणकर-शेतकरी, आणि कुठल्या बाप्याचं कुठलं पोर ते सांगणारी आईची नावं रजिस्टरात नाहीत. चर्चकडून दर वर्षी बिशपकडे नक्कल जायची, त्या नकला यॉर्कला बॉर्थविक संस्थेत आहेत. त्याही धुंडाळल्या. एक गाठ सुटली, बाकीच्या तशाच. चारांपैकी एक उचलून जोडून देणं सोपं होतं. मी जोडलं नाही.

वंश असा थांबला, पण नाव थांबलं नव्हतं. मग मी दुसऱ्या टोकाकडून निघाले, शब्दाकडून.

ॲक्रॉइडचे दोन तुकडे. 'आक' म्हणजे ओक वृक्ष, जुन्या इंग्रजीतला शब्द. दक्षिणेत त्या लांब 'आ'चा पुढे 'ओ' झाला आणि 'ओक' आला. उत्तरेत तो बराच काळ जुन्या वळणावर राहिला, स्कॉटलंडात आजही 'एक' म्हणतात. दुसरा तुकडा 'रॉड', रान तोडून, बुंधे उपटून मोकळी केलेली जमीन. म्हणजे ओकाचं रान तोडून काढलेलं शेत. हे 'रॉइड' कॅल्डर नदीच्या खोऱ्यात पावलोपावली भेटतं. होलरॉइड म्हणजे खळग्यातलं शेत, बूथरॉइड म्हणजे जिथे खोपट होतं ते, ओल्डरॉइड जुनं. मायथमरॉइड नावाचं तर आख्खं गाव आहे, ओढे मिळतात तिथलं शेत.

'रॉड'चं 'रॉइड' कसं झालं हे मात्र मला पुस्तकांतून पटत नव्हतं. ते पटलं सासऱ्यांच्या स्वयंपाकघरात. मागच्या अंगणात दगडी कोळसा ठेवायची खोली आहे, इंग्रजीत 'कोल होल'. सासरे लेकीला म्हणाले, "माझी काठी बघ 'कोइल ऑइल'मध्ये असेल." मी हातातलं भांडं खाली ठेवलं. कोलचा कोइल, होलचा ऑइल. रॉडचा रॉइड. ज्या बोलीनं हे आडनाव घडवलं ती अजून त्यांच्या तोंडात होती आणि मी इतकी वर्षं ते ऐकून घेत होते, "काय म्हणालात?" असं विचारत होते.

मध्ययुगात हे सगळं खोरं वेकफील्डच्या जहागिरीत होतं. त्या जहागिरीच्या कचेरीच्या गुंडाळ्या १२७४ पासून १९२५ पर्यंत जवळजवळ सलग आहेत. चर्मपत्रावरच्या आणि १७३३ पर्यंत बहुतेक लॅटिनमध्ये. मूळ गुंडाळ्या लीड्स विद्यापीठात ठेवल्या आहेत. मला लॅटिन येत नाही, म्हणून मी इंग्रजीत उतरवलेले छापील खंड वाचले. आमच्याकडच्या पेशवे दप्तरासारखी गत: पानंच्या पानं दंड, भांडणं, चुकार गुरं, परवानगीवाचून तोडलेलं लाकूड. आणि मध्येच एखादा माणूस मालकाच्या पडीक रानातून अर्धा एकर, एक एकर मागून घेतो, वर्षाला इतके पेनी भरायचं कबूल करतो. कचेरीत अशा जमिनीला 'रोडलँड' असंच म्हटलं आहे. रान हटवून शेत होत असतानाची ती नोंद आहे, तेव्हाची.

वॉड्सवर्थ हे नाव १०८६ च्या डूम्सडे पाहणीत आहे, ॲक्रॉइड नाही. ॲक्रॉइड वॉड्सवर्थमधलीच एक छोटी वस्ती, नंतर निघालेली. १३७९ साली दुसऱ्या रिचर्डच्या काळात सोळा वर्षांवरच्या सगळ्यांवर डोईपट्टी बसवली, साध्या माणसाला चार पेनी, नवरा-बायको मिळून एक. यॉर्कशरच्या पश्चिम भागाची ती यादी बहुतेक शाबूत आहे. ती वाचताना मला घरी आल्यासारखं वाटलं. जोहान्स 'दे' अमुक, विल्यम 'दे' तमुक. तो 'दे' म्हणजे आपला 'चिपळूणकर'मधला 'कर'. फक्त तो नावाच्या आधी येतो आणि पुढच्या शंभर वर्षांत झिजून जातो.

आपल्याकडे चिपळुणात राहणाऱ्याला कुणी चिपळूणकर म्हणत नाही, बाहेर पडला की म्हणतात. इंग्लंडातल्या मोठ्या गावांची आडनावं अशीच चिकटली. पण रॉइड म्हणजे गाव नव्हे, एका घराची वस्ती. तिथे राहतो तोच तिथला. आमच्या वाडीत 'माळावरचे', 'आंब्याखालचे', 'व्हाळापलीकडचे' म्हणतात तसं. गावाची नावं बाहेर पडून मिळतात, आणि ही जागेवर बसून. म्हणून असल्या आडनावाचं मूळ बहुधा एकाच घरात असतं, आणि १३४८-४९ च्या प्लेगनं अशी कितीतरी घरं पुसून टाकल्यावर जी उरली त्यांची नावं खोरंभर पसरली. यॉर्कशरच्या आडनावांवर आयुष्य घालवलेले जॉर्ज रेडमंड्स हेच सांगत आले, की कोशातला अर्थ बघून थांबू नका, ते घर नकाशावर शोधा.

तेव्हा लेकीच्या प्रश्नाचं उत्तर मी असं दिलं: शब्द सॅक्सन आहेत, आडनाव नाही. शब्द आधी आले, मग त्या शब्दांनी एका शेताला नाव दिलं, मग शेतानं माणसाला. आणि शब्दांतही सगळं एका जातीचं नाही. त्याच खोऱ्यात कॅल्डर हे नदीचं नाव सॅक्सनांच्या आधीच्या ब्रिटन लोकांचं, पलीकडचं सोअरबी हे नॉर्स लोकांचं. ती म्हणाली, "मग मी लिहू काय?" मी म्हटलं, "हेच लिही." तिनं वहीत ओकाचं झाड काढलं आणि शेजारी कुऱ्हाड.

चौकटीचा खोटेपणा मी अखेर सासऱ्यांना सांगितला. ते म्हणाले, मला माहीत होतं, तिलाही माहीत होतं, पण तिनं आवडीनं आणली. ती चौकट तिथेच राहिली. तिच्या खाली आता दुसरी आहे, १८१६ च्या पानातली ती एक ओळ, मोठी करून छापलेली.

मे महिन्यात आम्ही चौघं वर वॉड्सवर्थला गेलो. आधी हेप्टनस्टॉलला थांबलो. तिथे एकाच आवारात दोन चर्च आहेत, १८४७ च्या वादळात मोडलेलं जुनं आणि शेजारी नवं, आणि थडग्यांच्या शिळा फरसबंदीसारख्या आडव्या घातलेल्या. सासरे काठी टेकत प्रत्येक शिळेला वळसा घालून चालत होते. पाय द्यायचा नाही म्हणून. त्या बाईचं थडगं नाही, असण्याची ऐपत नव्हती. दफनाच्या नोंदीवरून ती याच आवारात कुठेतरी आहे.

मग दरी उतरून पलीकडचा चढ. वर ओक नाहीत. ते खाली, ओढ्याच्या खाचेत उरलेत. वर वारा, मेंढ्या, आणि चुन्याशिवाय रचलेल्या काळ्या दगडी गडग्यांची शेतं. एका शेताच्या वरच्या कोपऱ्यात लव्हाळं आणि नेच्यानं जागा धरली होती. मला आमची वरकस आठवली. नाचणी सोडली त्याला वीस वर्षं झाली, आता करवंदीतून आत शिरता येत नाही.

सासरे गाडीत बसून काच खाली करून बघत होते. म्हणाले, "दगड बघ. सगळे या शेतातूनच वेचलेले. हे एका माणसाचं काम नव्हे. बायकापोरं सगळी असणार."

लेकीनं गडग्याच्या एका टोकाला पाठ लावली आणि मोठमोठ्यानं मोजत, लांब ढांगा टाकत दुसऱ्या टोकाकडे निघाली. वाऱ्यात तिचे आकडे तुटत तुटत येत होते. पलीकडे पोचल्यावर तिनं दोन्ही हात वर केले.

"एकशे बारा!"

"आता रुंदी," सासरे म्हणाले, आणि दार उघडून काठी बाहेर टेकली.